टक्केवारीत न दिसणारा हायड्रोजन

कोरोनाच्या साथीत 2021च्या एप्रिल महिन्याने महाराष्ट्राला ऑक्सिजनची किंमत शिकवली. कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमकडे निघालेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस, उद्योगांचा ऑक्सिजन थांबवून रुग्णालयांकडे वळवण्याचे आदेश, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठ्याचा दाब घसरल्याने गेलेले किमान 22 जीव, हे सारे एकाच आठवड्यातले. त्या हाहाकारात एक कल्पना घरोघरी पोहोचली आणि ती अजूनही मागे हटलेली नाही. पाणी सगळीकडे आहे, पाण्यात ऑक्सिजन आहे, वीज सोडली की तो सुटा होतो; मग तो गाळून रुग्णाला का देऊ नये?

आता हरित हायड्रोजनच्या निमित्ताने या कल्पनेला नवे बळ आले आहे. केंद्र सरकारने 4 जानेवारी 2023 रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे लक्ष्य 2030पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजनचे आहे. पाण्याच्या विद्युत अपघटनात एक किलो हायड्रोजनमागे आठ किलो ऑक्सिजन निघतो. म्हणजे वर्षाला चार कोटी टन. एवढा प्राणवायू हवेत सोडून द्यायचा आणि रुग्णालयांनी मात्र टँकरची वाट पाहायची, हा कुठला न्याय, असे विचारले जाते.

विचारणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण ही मांडणी चार गृहीतकांवर उभी आहे. हा ऑक्सिजन मुळातच शुद्ध असतो. जे थोडे मिसळलेले असते ते गाळून काढता येते. अंतराळस्थानकात आणि पाणबुडीत हेच चालते, म्हणजे आपल्याकडेही चालेल. आणि हा ऑक्सिजन फुकट आहे. ही चारही गृहीतके जशी मांडली जातात तशी चूक आहेत, आणि त्यातली पहिली दोन जीवघेणी आहेत. विद्युत अपघटनाचा ऑक्सिजन सुरक्षितपणे शुद्ध करता येत नाही असे माझे म्हणणे नाही. करता येतो. पण सुरक्षितता आधी साधावी लागते, शुद्धीकरण त्यानंतर. हा क्रम उलटला की शुद्धीकरणाचे यंत्रच स्फोटाचे कारण ठरू शकते.

पहिले गृहीतक शुद्धतेचे. चांगल्या औद्योगिक इलेक्ट्रोलायझरमधून निघणारा ऑक्सिजन साधारण 98.5 ते 99.5 टक्के शुद्ध असतो. प्रेशर स्विंग पद्धतीच्या प्लांटमधून, म्हणजे ज्याला आपण पीएसए प्लांट म्हणतो त्यातून, मिळणारा ऑक्सिजन असतो 93 टक्क्यांच्या आसपास. आकडे शेजारी ठेवले की कुणीही पहिल्याला जास्त गुण देईल. पण विचारायचे ते वेगळेच. उरलेल्या टक्क्यांत काय आहे? पीएसएच्या उरलेल्या सात टक्क्यांत आर्गॉन आणि नायट्रोजन आहेत. आपल्या प्रत्येक श्वासात असणारे, जळायला तयार नसणारे, निरुपद्रवी वायू. विद्युत अपघटनाच्या उरलेल्या एक-दीड टक्क्यात, वाफ सोडली, तर मुख्यतः हायड्रोजन आहे.

ऑक्सिजनमध्ये हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ते मिश्रण पेट घेऊ शकते, आणि थेट 94 टक्क्यांपर्यंत ते पेटते राहते. याचा अर्थ असा की 96 टक्के शुद्ध ऑक्सिजन, बाकीचा हायड्रोजन असेल तर, ज्वालाग्राही आहे. आणि 93 टक्के शुद्ध ऑक्सिजन, बाकीचा आर्गॉन आणि नायट्रोजन असेल तर, रुग्णाला देण्याजोगा आहे. शुद्धतेचा आकडा इथे दिशाभूल करतो. पेट घ्यायला मोठी ज्योतही लागत नाही. हायड्रोजन हवेत पेटवायला मिलिज्यूलच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी ऊर्जा पुरते, शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्याहूनही किती तरी कमी. कपड्यावर साचलेल्या स्थिर विजेची न जाणवणारी ठिणगीही त्याहून मोठी असते. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही.

यावर उत्तर मिळते की दोन्ही वायूंच्या मध्ये पडदा असतो, ते मिसळतीलच कसे? पडदा असतो, पण तो भिंत नव्हे. त्यातून आयन जावे लागतात, नाहीतर वीजच वाहणार नाही. आणि जिथून आयन जातात तिथून विरघळलेला वायूही थोडाफार झिरपतो. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणावर चालणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये आणखी एक वाट आहे. ऋणाग्राकडून आणि धनाग्राकडून परत येणारे द्रावण बहुधा एकत्र करून पुन्हा फिरवले जाते, आणि त्यात विरघळलेला हायड्रोजन त्याच्याबरोबर ऑक्सिजनच्या बाजूला पोहोचतो.

ही झिरप यंत्र जोरात चालो वा मंद, साधारण तेवढीच राहते. यंत्र पूर्ण क्षमतेने चालत असताना ऑक्सिजनही भरपूर निघतो, त्यामुळे झिरपलेल्या हायड्रोजनचे प्रमाण कमी दिसते. समजा, पूर्ण क्षमतेला ते 0.4 टक्के आहे. वीज एक पंचमांशावर आली की ऑक्सिजन एक पंचमांश होतो, झिरप मात्र तेवढीच, आणि प्रमाण दोन टक्क्यांवर जाते. म्हणजे पेट घेण्याच्या मर्यादेच्या निम्मे. बहुतेक ठिकाणी इथेच धोक्याची घंटा वाजते आणि यंत्र बंद पडते. दाब वाढवला तर झिरप आणखी वाढते. आता या यंत्राला सौरऊर्जा जोडा. सकाळी, संध्याकाळी आणि ढग आले की वीज घसरणारच. ज्या हरित ऊर्जेच्या बळावर फुकट ऑक्सिजनची गोष्ट सांगितली जाते, तिच्या चढउतारांतच हा वायू सर्वाधिक धोकादायक होतो.

हे कागदावरचे भय नाही. 23 मे 2019 रोजी दक्षिण कोरियातल्या गांगनुंग इथे सौरऊर्जेवर चालणाऱ्या एका संशोधन प्रकल्पातल्या हायड्रोजनच्या टाक्यांचा स्फोट झाला. दोघे मरण पावले, सहा जण जखमी झाले. तपासात निघालेला निष्कर्ष असा की विद्युत अपघटनातून आलेल्या हायड्रोजनमध्ये ऑक्सिजनचे प्रमाण सहा टक्क्यांवर गेले होते; यंत्र कमी विजेवर चालवले जात होते; ऑक्सिजन काढून टाकणारी आणि स्थिर वीज निचरा करणारी साधने बसवलेली नव्हती; वायूची रोजची तपासणी होत नव्हती. तिथे हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन शिरला होता, आपण बोलतो आहोत ते ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन शिरण्याबद्दल. पडदा एकच, झिरप दोन्हीकडे. उलट दिशेचे उदाहरणही आहे. 5 एप्रिल 1975 रोजी लंडनच्या हद्दीतल्या इलफर्ड इथे लापोर्ट कंपनीच्या कारखान्यात इलेक्ट्रोलायझरच्या ऑक्सिजनच्या पात्रात हायड्रोजन शिरून स्फोट झाला आणि एका माणसाचा जीव गेला. ही दोन्ही ठिकाणे प्रशिक्षित माणसांच्या ताब्यातली होती.

दुसरे गृहीतक गाळणीचे. घरगुती प्रयोग सुचवणारे तीन उपाय सांगतात: वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुड्यांनी न्या, कोळशाच्या गाळणीतून न्या, आणि शक्य तर दोन्हीतून न्या. पाण्यातून नेल्याने क्षाराचे तुषार बरेचसे धुतले जातात, हे खरे. पण हायड्रोजन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड मिलिग्रॅम. बाटलीत शिरलेला हायड्रोजन बाटलीतून तसाच बाहेर पडतो. कोळसा हायड्रोजन धरत नाही, आणि त्याचे दुसरे रूप याहून भयंकर आहे. शुद्ध ऑक्सिजनच्या वाटेवर ठेवलेला कोळसा म्हणजे इंधन. द्रवरूप ऑक्सिजनमध्ये भिजवलेला कोळसा एके काळी खाणींत स्फोटक म्हणून वापरला जात होता. पिण्याच्या पाण्याच्या गाळणीतला कोळसा ऑक्सिजनच्या नळीला जोडायला सांगणाऱ्याने हे एकदा वाचावे.

त्याहीआधीची चूक घरगुती बरणीतल्या पाण्यातच होते. शुद्ध पाणी वीज नीट वाहू देत नाही म्हणून त्यात मीठ टाकायला सांगतात. मीठ टाकले की धनाग्रावर ऑक्सिजनबरोबर क्लोरीन निघतो. कामाच्या जागेच्या हवेत दहा लाखांत एक भागाहून अधिक क्लोरीन नको, अशी अमेरिकी कामगार-सुरक्षेची मर्यादा आहे. आणि इथे आपण तो आधीच दम लागलेल्या माणसाच्या नाकाशी नेऊन ठेवतो. मिठाऐवजी खाण्याचा सोडा टाकला तर धनाग्रावर कार्बन डायऑक्साइड सुटतो. स्टेनलेस स्टीलचे चमचे अग्र म्हणून वापरले तर त्यातला क्रोमियम विरघळून सहा संयुजेचा, कर्करोगजन्य क्रोमियम पाण्यात उतरू शकतो. यातली एकही गोष्ट बुडबुड्यांच्या बाटलीने सुटत नाही.

मग हे सारे सोसून मिळते किती? एका घटातून एक अँपियर वीज गेली तर मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन निघतो. गाडीच्या बॅटरीच्या चार्जरमधून 10 अँपियर काढले तर मिनिटाला 35 मिलिलिटर. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरते, आणि त्याच्या श्वासातून मिनिटाला लिटरभराहून अधिक ऑक्सिजन साध्या हवेतूनच आत जातो. या बरणीने रुग्णाला काहीच मिळत नाही. मिळतो तो घरच्यांना, उपचार चालू असल्याचा खोटा दिलासा, आणि रुग्णालयात जाण्याची वेळ त्या दिलाशात निघून जाते. माझा सर्वांत मोठा राग या गोष्टीवर आहे.

बरे, यंत्र मोठे केले तर? रुग्णाला मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन हवा असेल तर त्याच यंत्रातून मिनिटाला दहा लिटर हायड्रोजन निघतो. तासाला 600 लिटर. दहा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या बंद खोलीत तो साठत राहिला तर सुमारे दोन तासांत सगळी खोली पेट घेण्याच्या मर्यादेला पोहोचते. आणि हायड्रोजन हलका, तो आधी छताशी जमतो, म्हणजे तिथे ही वेळ त्याहून लवकर येते. छताशी पंखा असतो, दिव्याची वायर असते. काही उपकरणे तर दोन्ही वायू वेगळे न करता एकत्रच देतात. त्यांच्या बाबतीत शुद्धीकरणाची भाषाच करू नये. ती बंद करावीत.

आता खरे शुद्धीकरण कसे होते ते पाहू, म्हणजे गाळणीची भाषा किती अपुरी आहे ते कळेल. घटातून वायू आणि द्रावण एकत्र बाहेर येतात, ते विभाजक पात्रात वेगळे होतात. मग वायू थंड करतात, पाण्याने धुतात, आणि तुषार अडवणाऱ्या जाळीतून नेतात. हे धुणे महत्त्वाचे, कारण क्षाराचे तुषार पुढच्या उत्प्रेरकावर बसले तर तो निकामी होतो. त्यानंतर वायू किंचित तापवून पॅलेडियम किंवा प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नेतात. तिथे उरलेला हायड्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याचे पाणी होते. शेवटी पुन्हा थंड करून ॲल्युमिना किंवा मॉलिक्युलर सीव्हच्या थरांतून वाफ शोषून घेतात. हायड्रोजन तेव्हा दहा लाखांत काही भागांपर्यंत खाली येतो. तंत्र जुने आहे, भरवशाचे आहे.

पण या उत्प्रेरकाची एक अट आहे आणि माझ्या संपूर्ण प्रतिवादाचा गाभा तीच आहे. त्याच्यावर हायड्रोजन जळतो, म्हणजे उष्णता निघते. ऑक्सिजनमधल्या प्रत्येक एक टक्का हायड्रोजनमागे वायूचे तापमान सुमारे 80 अंशांनी चढते. अर्ध्या टक्क्याला 40 अंश, काही बिघडत नाही. दोन टक्क्यांना 160 अंश, सावध व्हायला हवे. चार टक्के हायड्रोजन असलेला वायू त्याच्यावर आला तर तापमान 300 अंशांहून अधिक वाढते, उत्प्रेरक लालबुंद व्हायला लागतो, आणि नेमके तेव्हाच समोर येणारे मिश्रण पेट घेण्याच्या टप्प्यात असते. शुद्धीकरणाचे पात्र मग स्फोटाची ठिणगी बनते. हा उत्प्रेरक थोडासा हायड्रोजन असलेला चांगला वायू अधिक चांगला करतो. बिघडलेला वायू त्याच्याकडे पाठवणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

म्हणून उत्प्रेरकाच्या आधी, विभाजकाच्या तोंडाशी, ऑक्सिजनमधला हायड्रोजन सतत मोजणारा सेन्सर हवा. एक नव्हे, एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन. प्रमाण ठरलेल्या मर्यादेला गेले की माणसाच्या निर्णयाची वाट न पाहता वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडला पाहिजे आणि वीज तुटली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक राखला पाहिजे, कारण तो ढळला की पडद्यातून वायू ढकलला जातो. किमान किती विजेखाली यंत्र चालवायचेच नाही, ते ठरले पाहिजे. बंद करताना आणि सुरू करताना नळ्या नायट्रोजनने धुतल्या पाहिजेत. उत्प्रेरकाच्या नंतरही पुन्हा मोजले पाहिजे, कारण निकामी झालेला उत्प्रेरक आपण निकामी झाल्याचे सांगत नाही. हायड्रोजन गुपचूप पुढे जाऊ देतो.

आणि हायड्रोजन गेला तरी उरतो तो ऑक्सिजन, जो स्वतः जळत नाही पण बाकी सगळ्यांना जाळतो. नळीत तेलाचा किंवा ग्रीसचा अंश राहिला, साध्या कॉम्प्रेसरने दाब दिला, व्हॉल्व्ह झटकन उघडला, तर दाबाच्या उष्णतेने आतला ओशटपणा पेटतो आणि मग धातूही. त्यासाठी तेलविरहित कॉम्प्रेसर, ऑक्सिजनसाठी खास धुतलेल्या नळ्या, योग्य मिश्रधातू आणि सावकाश उघडणारे व्हॉल्व्ह लागतात. सिलिंडर भरणे हा परवान्याचा विषय आहे, आणि त्या नियमनाचे केंद्रीय कार्यालय, पेसो, आपल्याच नागपुरात आहे. अंगणात सिलिंडर भरण्याच्या कल्पना मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तिसरे गृहीतक अंतराळाचे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात पाण्याच्या विद्युत अपघटनातून ऑक्सिजन बनतो आणि अंतराळवीर तोच श्वासात घेतात, हे पूर्ण खरे आहे. अणुपाणबुड्यांतही तसेच. पण ते तिथे का करतात? कारण तिथे बाहेर हवाच नाही. जिथे बाहेरच्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे तिथे पाणी फोडून तो काढण्याची सक्ती नसते. आणि ते कसे करतात, हेही पाहावे. हायड्रोजन अवकाशात सोडून दिला जातो किंवा दुसऱ्या यंत्राला दिला जातो, सेन्सर पहारा देतात, गडबड झाली की यंत्र आपोआप थांबते. तरीही सप्टेंबर 2006 मध्ये तिथल्या ‘इलेक्ट्रॉन’ नावाच्या रशियन ऑक्सिजन यंत्रात बिघाड होऊन उग्र वास पसरला, कॉस्टिक पोटॅशची गळती झाली आणि अंतराळवीरांना मास्क आणि हातमोजे घालून काम करावे लागले. अंतराळस्थानकाचे उदाहरण देणाऱ्याने त्यातली शिस्तही उचलावी. नुसते यंत्र उचलून भागत नाही.

चौथे गृहीतक फुकटपणाचे. ऑक्सिजनसाठीच पाणी फोडायचे असेल तर हिशेब असा. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजनसाठी सुमारे तीन किलोवॉट वीज सतत लागते, म्हणजे दिवसाला 70 युनिटच्या वर, आणि 11-12 लिटर क्षारविरहित पाणी. तेवढाच प्रवाह देणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॉटवर चालतो, दिवसाला आठ-नऊ युनिट. जवळजवळ आठपट फरक. वीजटंचाईच्या गावात हा सौदा कोण करेल?

ऑक्सिजन जोडउत्पादन म्हणून निघत असेल तर हिशेब बदलतो, हे मला मान्य आहे. वीज हायड्रोजनच्या खात्यावर जाते. पण शुद्धीकरण, दाब, साठवण, तपासणी आणि वाहतूक कुणाच्या खात्यावर जाणार? मोठे प्रकल्प बंदरांजवळ, सौर उद्यानांजवळ उभे राहणार. रुग्णालये तालुक्याच्या गावी आहेत. भारतात वैद्यकीय ऑक्सिजन 1940च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली औषध मानला जातो. आणि औषधकोशांतल्या चाचण्या प्रामुख्याने हवेतून वेगळ्या केलेल्या ऑक्सिजनला डोळ्यांसमोर ठेवून ठरल्या आहेत. युरोपच्या औषधकोशात 99.5 टक्के शुद्धतेबरोबर कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांच्या मर्यादा आहेत. हे हवेचे आणि कॉम्प्रेसरचे दोष. इलेक्ट्रोलायझरचे दोष वेगळे आहेत: हायड्रोजन आणि क्षाराचे तुषार. जुन्या चाचणीत उत्तीर्ण झालेला नवा वायू सुरक्षित आहे, असे म्हणता येत नाही. ज्या दोषाचा प्रश्नच विचारला नाही त्यात तो उत्तीर्ण झाला, इतकेच म्हणता येते.

मग चार कोटी टन ऑक्सिजनचे करायचे काय? त्याला उपयोग आहेत. सांडपाणी शुद्धीकरणात हवेऐवजी ऑक्सिजन सोडता येतो, ओझोन बनवता येतो, काचेच्या आणि पोलादाच्या भट्ट्यांना तो हवाच असतो. तिथे औषधाच्या दर्जाची शुद्धता लागत नाही, ग्राहक कारखान्याच्या जवळ असू शकतो, आणि हायड्रोजन मोजण्याची शिस्त तेवढी पाळावी लागते. जिथे असा ग्राहक नाही तिथे उंच नळीतून, ठिणग्यांपासून आणि हायड्रोजनच्या नळीपासून दूर, तो हवेत सोडणे हेच शहाणपणाचे. त्यात पाप नाही. हवेत तो आधीच अमाप आहे.

ज्या प्रकल्पाला हा ऑक्सिजन रुग्णालयाला द्यायचाच आहे, त्याचे मी स्वागत करीन, पण अटी घालून. दोन स्वतंत्र मापकांच्या नोंदी मिनिटामिनिटाला साठवल्या जाव्यात आणि निरीक्षकाला केव्हाही दाखवल्या जाव्यात. किमान विजेची मर्यादा परवान्यात लिहिलेली असावी. हायड्रोजन आणि क्षार यांची चाचणी प्रत्येक खेपेला व्हावी आणि औषधकोशाने तिची मर्यादा ठरवावी. या अटी महाग वाटत असतील तर तो ऑक्सिजन रुग्णासाठी नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. रुग्णालयांची गरज भागवायला द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या आहेत आणि 2021च्या टंचाईनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत उभे राहिलेले पीएसए प्लांट आहेत. त्यांची देखभाल, त्यांचे प्रशिक्षित चालक, त्यांचे सुटे भाग यांवर खर्च केलेला रुपया पाण्याच्या बरणीवर खर्च केलेल्या रुपयापेक्षा कितीतरी अधिक जीव वाचवील.

टंचाईच्या काळात सोपा उपाय सांगणाऱ्याला माणसे दुवा देतात, आणि त्या उपायाचे परिणाम दुसऱ्याच कुणाच्या घरात भोगले जातात. म्हणून ज्याला रसायनशास्त्र कळते त्याने अशा वेळी गप्प बसणे हा अपराध आहे. पाण्यातून ऑक्सिजन काढण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला एकच प्रश्न विचारावा: हायड्रोजन कुठे मोजता आणि किती टक्क्यांना यंत्र बंद होते? उत्तर नसेल तर ते यंत्र रुग्णाच्या खोलीत येऊ देऊ नये.